राउटरमधल्या रांगेकडे कोण बघणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘नेट चालत नाही’, ‘व्हिडिओ कॉल तुटतो’ अशा तक्रारींची वाचकांची पत्रं गेले काही आठवडे आपल्या स्तंभात येत आहेत. बहुतेकांची मागणी एकच आहे, वेग वाढवून द्या. मी सोलापुरात लहान कार्यालयं, दवाखाने, अभ्यासिका आणि कारखाने यांच्या नेटवर्किंगची कामं करते. केबल ओढण्यापासून राउटर लावून देण्यापर्यंत सगळं. रोज जे डोळ्यांसमोर दिसतं त्यावरून सांगते, यातल्या बऱ्याच घरांचं दुखणं वेगाचं नाही. राउटरमध्ये पॅकेटांची, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यांची, जी रांग लागते, ती कुणी सांभाळतच नाही, हे खरं दुखणं आहे. त्यावरचा इलाज 2012 पासून फुकट उपलब्ध आहे आणि तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही, याची मला मनापासून चीड येते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण देते. मालक घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि परदेशातल्या खरेदीदाराशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजी. दुपारी कॉल लागला की आवाज तुटायचा, समोरच्याचं तोंड थिजायचं. मला बोलावून म्हणाले, “ताई, पन्नासचा प्लॅन शंभरचा केला, शंभरचा दोनशेचा केला. आता तीनशेचा घेऊ का?” मी लॅपटॉपवर पिंग सुरू ठेवला, म्हणजे छोटा संदेश पलीकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी. ऑफिसात कुणीच काही करत नव्हतं तेव्हा आकडा 10-12 मिलिसेकंद होता. मग डिझाइनवाल्या मुलाला नेहमीसारख्या जकार्डच्या फाइली क्लाउडवर टाकायला सांगितलं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वर जातच होतं. बघता बघता पिंग 200 झाला, 600 झाला, हजाराच्या पुढे गेला. म्हणजे मालक ‘हॅलो’ म्हणाले की तो शब्द कारखान्याच्या बाहेर पडायलाच सेकंदभर घेत होता. प्लॅन वाढला तो डाउनलोडचा, अपलोड होता तिथेच राहिला. आणि एका मोठ्या फाइलला तुम्ही कितीही वेग द्या, तो सगळा ती खाणारच. फाइली ज्या नियमांनी नेटवरून जातात त्या टीसीपीची रीतच तशी आहे: पॅकेट हरवल्याचं कळेपर्यंत वेग वाढवत राहायचं, हरवलं की कमी करायचा.

हिशेब साधा आहे. एक पूर्ण पॅकेट 1500 बाइटचं, म्हणजे 12 हजार बिट्स. कितीतरी वर्षं लिनक्समध्ये, म्हणजे बऱ्याच राउटरच्या आत चालणाऱ्या फुकट प्रणालीमध्ये, नेटवर्क कार्डाच्या रांगेची ठरलेली मर्यादा 1000 पॅकेटांची होती. हजार पॅकेटं म्हणजे 1 कोटी 20 लाख बिट्स. अपलोड 10 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 1 कोटी बिट्स असेल तर ही रांग रिकामी व्हायला 1.2 सेकंद लागतात. रांगेच्या शेवटी उभं राहिलेलं तुमच्या आवाजाचं एवढंसं पॅकेटही तेवढाच वेळ थांबतं. डाउनलोडही यात मार खातं, कारण आलेल्या माहितीची पोच याच अपलोडच्या रांगेतून परत जायची असते.

कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, “लाइन ओके आहे” म्हणून जातो. तो खोटं बोलत नाही. पण तो उशीर बघतो रिकाम्या लाइनवर, आणि त्रास होतो भरलेल्या लाइनवर.

ही गोष्ट नवी नाही, म्हणूनच जास्त लागते. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग 32 हजार बिट्स प्रति सेकंदावरून 40 बिट्सवर कोसळला होता. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर होतं 400 यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काम करून 1988 मध्ये टीसीपीला गर्दी ओळखून मागे सरकायला शिकवलं. त्याच्याही आधी, 1985 मध्ये, जॉन नेगल यांनी दाखवून दिलं होतं की राउटरला अमर्याद साठवण दिली तरी गर्दी सुटत नाही. रांग इतकी लांबते की पॅकेटची मुदत रांगेतच संपते, आणि बाहेर पडतं ते फेकून देण्याच्या लायकीचंच. मात्र पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी भरमसाट साठवण ठोकून दिली. एकही पॅकेट टाकायचं नाही, हाच चांगुलपणा समजला गेला. 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरून मोठी फाइल पाठवताना हाच त्रास झाला. त्यांनी त्याच्या मुळाशी जाऊन ‘बफरब्लोट’ हे नाव जगापुढे आणलं.

आता रांग सांभाळायच्या पद्धतींबद्दल. त्यांच्यात निवड कशी करायची हे ग्राहकाला कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात जुनी आणि आजही स्वस्तातल्या राउटरमध्ये सर्रास असलेली पद्धत म्हणजे ड्रॉप-टेल. रांग भरेपर्यंत सगळ्यांना आत घ्यायचं, भरली की येईल ते टाकून द्यायचं. आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्या येतात, तेव्हा यार्ड भरल्यावर गाडी फाटकाशी अडवली तर शेतकऱ्याचा दिवस आणि भाडं दोन्ही जातं; आदल्या दिवशीच ‘उद्या माल आणू नका’ असा निरोप गावात गेला तर गाडी निघतच नाही. ड्रॉप-टेल फाटकाशी अडवते. पाठवणाऱ्याला गर्दीची बातमी मिळते ती रांग पूर्ण तुंबल्यावर. शिवाय ऐन वेळी सगळ्यांचीच पॅकेटं एकदम पडतात, सगळे एकदम मागे सरतात आणि पुन्हा एकदम पुढे येतात. लाइन कधी तुडुंब, कधी अर्धी रिकामी.

1993 मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी ‘रेड’ ही पद्धत मांडली. रांगेची सरासरी लांबी बघत राहायची. ती खालच्या मर्यादेच्या वर गेली की मधूनच, नेम न धरता, एखादं पॅकेट टाकायचं. लांबी वाढेल तसं टाकण्याचं प्रमाण वाढवायचं. ज्याची पॅकेटं जास्त त्याची जास्त पडणार, हे ओघानं आलंच. कल्पना देखणी आहे आणि 1998 मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी तिची शिफारसही केली. पण त्या मर्यादा किती ठेवायच्या, हे लाइनचा वेग आणि एका वेळी किती जण वापरतात यावर ठरतं. मोठ्या कंपनीच्या जाड लाइनवर, चोवीस तास लक्ष ठेवणारा इंजिनिअर असेल तर रेड आजही उपयोगी आहे. विजापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या घरात ते आकडे कोण बसवणार? बहुतेक ठिकाणी रेड राउटरमध्ये होती आणि बंद होती. 2015 मध्ये जुन्या शिफारशीच्या जागी नवी आली, तेव्हा ‘रांग सांभाळाच’ हा आग्रह राहिला, पण रेडलाच ठरलेली पद्धत मानण्याचा आग्रह सोडून दिला गेला.

2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणली, आणि माझ्या मते खरं वळण इथे आहे. रांग किती लांब हे ती बघतच नाही. पॅकेट आत आलं की त्यावर वेळ टिपायची, बाहेर पडताना किती थांबलं ते मोजायचं. क्षणभराची गर्दी चालते, ती होणारच. पण 100 मिलिसेकंदांच्या अवधीत सर्वांत कमी थांबलेलं पॅकेटसुद्धा 5 मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबलेलं असेल, तर ही रांग ओसरणारी नाही, साचलेली आहे. मग एक पॅकेट टाकायचं. तरी फरक पडला नाही तर पुढचं 100 मिलिसेकंदांनी, त्यापुढचं 71 नी, मग 58 नी, असं जरा जरा लवकर. वापरणाऱ्याला काहीच बसवावं लागत नाही. लाइन 2 एमबीपीएसची असो की 200 ची, माणसाला त्रास देतो तो थांबण्याचा वेळ, आणि मोजलाही तोच जातो.

‘पाय’ ही पद्धतही वेळेवरच चालते, पण प्रत्येक पॅकेटवर वेळ टिपत नाही. रांग किती आणि ती किती वेगानं उपसली जाते यावरून उशिराचा अंदाज बांधते आणि पॅकेट आत येतानाच टाकायचं की नाही ते ठरवते. तिचं लक्ष्य 15 मिलिसेकंद. चिपमध्ये बसवायला सोपी, म्हणून डॉक्सिस 3.1 या केबल-इंटरनेटच्या मानकाच्या मोडेममध्ये ती सक्तीची केली गेली.

मात्र कोडेल काय, पाय काय, दोन्ही एका जागी अडतात. टाकलेलं पॅकेट हा पाठवणाऱ्याला इशारा असतो. जो इशारा ऐकतच नाही, त्याला एकाच रांगेत सगळ्यांबरोबर उभं केलं तर बाकीचे भरडले जातात. इथे ‘एफक्यू-कोडेल’ कामाला येते. ती येणाऱ्या प्रवाहांना, म्हणजे एकेका फाइलीच्या, कॉलच्या किंवा पानाच्या पॅकेटांना, 1024 छोट्या रांगांमध्ये वाटते, प्रत्येक रांगेला आळीपाळीनं संधी देते आणि प्रत्येकीवर कोडेल लावते. ज्या प्रवाहाची पॅकेटं तुरळक येतात, म्हणजे फोनवरचा आवाज, यूपीआयचा व्यवहार, वेबसाइटचा पत्ता शोधणारी विचारणा, त्यांना जवळजवळ थांबावंच लागत नाही. कुणाला अग्रक्रम द्यायचा याची यादी करायची गरज उरत नाही. एरिक ड्युमाझे यांनी लिहिलेला तिचा कोड 2012 पासून लिनक्समध्ये आहे. 2018 मध्ये आलेली ‘केक’ त्याच वाटेनं पुढे जाते. वेग आवरायची सोय तिच्यातच आहे आणि ती वाटणी प्रवाहांमध्येच नव्हे तर उपकरणांमध्येही करते.

हा शेवटचा मुद्दा अभ्यासिकांसाठी फार मोलाचा आहे. जुळे सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली एकाच जोडणीवर बसतात. एखादा तीस-तीस प्रवाह उघडून व्याख्यानं उतरवून घेतो, शेजारची मुलगी एकच पान उघडायला धडपडते. प्रवाहागणिक वाटणी केली तर त्याला तीस वाटे, तिला एक. केकमध्ये उपकरणागणिक वाटणी लावली की दोघांनाही सारखा वाटा. तिथे केक लावल्यावर ग्रंथपाल बाईंनी जोडणीचा वेग न वाढवता तीच जोडणी पुढे चालू ठेवली, आणि वाचलेल्या पैशांतून नवे संदर्भग्रंथ घेतले.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे तोंडी सांगत नाही, दाखवते. भंगारात निघालेले तीन संगणक घेतले आहेत. मधल्याला दोन लॅन कार्डं, त्यावर लिनक्स, आणि ‘टीसी’ या आज्ञेनं लाइन 10 एमबीपीएसवर बांधलेली. एका टोकाकडून मोठी फाइल सोडायची, सोबत पिंग चालू ठेवायचा. आधी हजार पॅकेटांची साधी रांग लावतो: पिंग सव्वा सेकंदाच्या आसपास जाऊन बसतो, हिशेबात येतो तेवढाच. मग रेड. ती लावतानाच पोरं गोंधळतात, कारण खालची मर्यादा, वरची मर्यादा, सरासरी पॅकेट, बर्स्ट असे एकामागून एक आकडे मागते. खाली 30 हजार बाइट आणि वर 90 हजार बाइट ठेवले की पिंग 24 ते 72 मिलिसेकंदांच्या पट्ट्यात येतो. छान. आता लाइन 10 वरून 2 एमबीपीएसवर आणायची आणि रेडला हात लावायचा नाही. तेच आकडे आता 120 ते 360 मिलिसेकंदांचा उशीर देतात. मग कोडेल लावायची, एकही आकडा न देता. लाइन पुन्हा 10 वर नेली तरी आणि 2 वर आणली तरी तिचं आपलं काम चालूच. शेवटी एफक्यू-कोडेल, आणि फाइल पूर्ण वेगानं जात असताना पिंगचा आकडा जेमतेम हलतो. एवढं पाहिल्यावर पोरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी अभियांत्रिकीला होते तेव्हा परीक्षेत ‘लीकी बकेट’ आणि ‘टोकन बकेट’ या वेग आवरायच्या पद्धतींची आकृती काढून गुण मिळवले. रांगेतला उशीर डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. जुने तीन संगणक आणि फुकटचं लिनक्स यावर होणारा हा प्रयोग प्रत्येक प्रयोगशाळेत झालाच पाहिजे.

घरी किंवा ऑफिसात हे लावताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रांग लागते ती सगळ्यात अरुंद जागी, आणि ती जागा बहुधा कंपनीच्या मोडेममध्ये असते, तिथे आपला हात पोहोचत नाही. म्हणून आपल्या राउटरचा वेग मुद्दाम लाइनच्या 90 टक्क्यांच्या आसपास बांधायचा. मग रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि एफक्यू-कोडेल किंवा केक तिला हाताळू शकते. टॉवेल कारखान्यात मी एवढंच केलं. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची फुकट प्रणाली चालणारा राउटर लावला, केक सुरू केली, अपलोड थोडा खाली बांधला. फाइली जात असतानाही पिंग 20 च्या आसपास राहिला आणि तीनशेचा प्लॅन घ्यावा लागला नाही. दहा टक्के वेग सोडायला मालक आधी तयार नव्हते. कॉल ऐकल्यावर तयार झाले.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्वस्त राउटरचा प्रोसेसर शेकडो एमबीपीएसला वेग बांधायचं काम पेलत नाही, तिथे जरा बरा राउटर लागतो. जाड दगडी भिंतींपलीकडे वायफाय पोहोचत नसेल तर तिथे केबलच ओढावी लागते. आणि गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर मोबाइलचं नेट बसतं ते टॉवरवर खरोखर माणसं जास्त झाल्यामुळे. तिथे क्षमताच वाढवायला हवी. एल-फोर-एस नावाची आणखी पुढची पद्धत जानेवारी 2023 मध्ये प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्यात पॅकेट न टाकता खूण करून पाठवणाऱ्याला लवकर सावध करतात. मात्र त्यासाठी पाठवणाराही बदलावा लागतो. आपल्याकडे एफक्यू-कोडेलसुद्धा सुरू नाही, तेव्हा त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

हे पत्र लिहिण्याइतकं मला हे का टोचतं, तेही सांगते. आपली मुलं शिकतात आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघून जातात. 2020 नंतर त्यातली काही घरून काम करण्यासाठी परत आली. आई-वडिलांजवळ राहून, पुण्यातलं घरभाडं न भरता काम होऊ लागलं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या कामाच्या कॉलवर दर संध्याकाळी आवाज तुटायचा, कारण त्याच वेळी धाकटा भाऊ आपले व्हिडिओ अपलोड करायचा. वरिष्ठांनी तिला सांगितलं, नेट नीट नसेल तर ऑफिसात येऊन बस. ती पुन्हा पुण्याला गेली. तिच्या घरी जोडणी शंभर एमबीपीएसची होती. राउटरमध्ये एक बटण दाबायचं राहिलं म्हणून घरातली मुलगी परत जाते, हे मला सहन होत नाही.

म्हणून शहरात जोडण्या देणाऱ्या सगळ्यांना, मोठ्या कंपन्यांना आणि गल्लीतल्या केबलवाल्यांनाही, माझी विनंती आहे. ग्राहकाला देता त्या राउटरमध्ये रांग सांभाळणारी पद्धत आधीपासून सुरू करून द्या. बरेच राउटर आतून लिनक्सवरच चालतात, कोडला पैसे पडत नाहीत. जाहिरातीत ‘इतके एमबीपीएस’ छापता, त्याच्या शेजारी लाइन पूर्ण भरलेली असताना उशीर किती होतो तेही छापा. तक्रार आल्यावर तुमचा माणूस रिकाम्या लाइनवर पिंग बघून परत जाऊ नये, एक फाइल अपलोडला लावून मग बघावा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या सेवेच्या दर्जाच्या नियमांत लेटन्सीला, म्हणजे उशिराला, जागा आहेच. ती भरलेल्या लाइनवर मोजली जावी, यासाठी आपल्या खासदारांनी आवाज उठवावा.

वाचकांनीही प्लॅन वाढवण्याआधी घरी तपासून पाहावं. काही स्पीड टेस्टमध्ये ‘लोडेड’ (भरलेल्या लाइनवरचा) आणि ‘अनलोडेड’ (रिकाम्या लाइनवरचा) असे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात. दोन्हींत थोडाच फरक असेल तर रांग ठीक आहे. पहिला दुसऱ्याच्या दहा-वीस पट असेल तर तीनशेच्या प्लॅनला पैसे घालू नका, आधी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाची रांग सांभाळायची सोय आहे का ते बघा.

हे सगळं तयार करून फुकट वाटणाऱ्या लोकांपैकी डेव्ह टाट यांनी कितीतरी वर्षं घरगुती राउटरमध्ये हा इलाज पोहोचवण्यासाठी घालवली. 2025 मध्ये ते गेले. त्यांचं काम इथल्या राउटरमध्ये निजून पडलेलं असताना आपण मोठ्या प्लॅनसाठी महिन्याला जास्तीचे पैसे मोजतो आहोत.

शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेला किंवा सरकारी दवाखान्याला हे बसवून हवं असेल, तर मी मजुरी न घेता बसवून देईन. राउटर चालण्याजोगा असला म्हणजे झालं. महाविद्यालयांना तीन संगणकांचा प्रयोग बघायचा असेल तर रविवारी सकाळी माझ्या कामाच्या जागी यावं, किंवा मी संगणक घेऊन येते. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यांना तो जरूर द्यावा.

आपली,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, विजापूर रोड, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)